चोणकासाठी पहिला स्पिनिंग रॉड: आधी लूरचं वजन ठरवा, मग दुकानात जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोलीचा एक तरुण आजवर हातगरीने आणि बांबूच्या काठीने काळुंदरं गरवत आला आहे. आता त्याला लूर, म्हणजे नकली आमिष, टाकून चोणक हा मोठा शिकारी मासा धरायचा आहे. रॉड, रील, लाइन, लूर सगळं मिळून आठ हजारांत बसवायचं आहे. अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघून त्याने साडेसहा फुटी मीडियम-लाइट रॉड आणि २५०० आकाराचं रील जवळजवळ पक्कं केलं आहे. दुकानदार म्हणतो, दहा फुटी टेलिस्कोपिक घे, लांब जातं. जागा म्हणजे मांडवी नदीतल्या दिवाडी-चोडण बेटांचे बांध आणि नदीवरच्या जेटी. प्रवास स्कूटरवर. शिवाय एक मित्र वापरलेला बेटकास्टर (वेगळ्या प्रकारचं रील) स्वस्तात देतोय, तो घेऊ का, आणि नवं रील कोणत्या कंपनीचं घेऊ, हेही विचारलं आहे.

आधी थेट उत्तर. सात फुटी, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड घ्या, ज्याच्यावर लूरचं वजन १० ते ३० ग्रॅम किंवा त्याच्या आसपास छापलेलं असेल. त्याला ४००० आकाराचं रील, त्यावर २० पौंडाची ब्रेडेड (विणलेली) लाइन आणि पुढे, लूरच्या आधी, वावभर जाड तंगूस (नायलॉनची लाइन) लीडर म्हणून. व्हिडिओतला माणूस त्याच्या तळ्यासाठी बरोबर सांगतोय आणि दुकानदारही शिसं लावून सुंगटं (कोळंबी) टाकणाऱ्यांसाठी चुकीचं सांगत नाही. पण तुम्ही या दोघांपैकी कुणाच्याच जागी उभे राहणार नाही.

व्हिडिओत दिसतो तो लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला. आपला चोणक त्या कुळातला नाही. इंग्रजीत त्यालाही सीबास म्हणतात एवढंच. बास बहुतेक वेळा एक-दोन किलोचा असतो. त्याचा जागतिक विक्रमच दहा किलोंच्या आसपास आहे. १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी तो केला आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. चोणकाची वाढ याच्या कितीतरी पुढे जाते आणि तो ओढीत, खाऱ्या पाण्यात, कालवांनी भरलेल्या दगडांत राहतो. गरी लागली की पहिली धाव तो मोकळ्या पाण्यात मारत नाही. कांदळाच्या मुळांत, जेटीच्या खांबाला वळसा घालून किंवा मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दरवाजाच्या) तोंडाकडे घुसतो. तिथे पहिल्या चार-पाच मीटरांत त्याचं तोंड वळवता आलं नाही तर तो गेला. मीडियम-लाइट रॉड बासच्या चार-पाच ग्रॅमच्या रबरी किड्यासाठी सुंदर असतो, पण या पहिल्या धावेला तो नुसता वाकून राहतो, मासा वळत नाही.

आता रॉड. नवीन माणूस विचारतो, ‘किती किलोच्या माशाला हा रॉड चालेल?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. मासा किती मोठा खेचता येईल ते लाइन, ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन बेताने सुटू देणारा रीलचा ब्रेक) आणि तुमचे हात ठरवतात. रॉडचं रोजचं काम फेकणं आहे. मासा दिवसातून एकदा लागेल, नाहीतर लागणारही नाही. लूर मात्र शेकडो वेळा टाकावा लागतो. म्हणून रॉड निवडायचा तो फेकायच्या लूरच्या वजनावरून. लूर मागे नेऊन पुढे झटकला की त्याच्या वजनाने रॉडचं टोक वाकतं आणि सरळ होताना तेच टोक लूर पुढे फेकतं. लूर रॉडच्या मानाने हलका असेल तर टोक वाकतच नाही, सगळा जोर मनगटाने लावावा लागतो आणि लूर पंधरा मीटरवर पडतो. फार जड असेल तर रॉड आळसल्यासारखा पुढे येतो, आणि एखाद्या दिवशी जोरात फेकताना तुटतो.

आपल्याकडे चोणक आणि तांबोसो ज्या लूरवर येतात ते साधारण ठरलेले आहेत: ९ ते ११ सेंटिमीटरचे मिनो (छोट्या माशासारखे कडक लूर), १२ ते २० ग्रॅमचे, आणि १० ते १४ ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गरीवर) चढवलेला चार इंची रबरी मासा. ओढ जास्त असेल तर जिगहेड वीस ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे रॉडची मधली ताकद १५-२० ग्रॅमला बसायला हवी, आणि म्हणून १० ते ३० ग्रॅम. रॉडवरचं ‘मीडियम’ किंवा ‘मीडियम-हेवी’ हे अक्षर दुसऱ्या क्रमांकावर. एका कंपनीचा मीडियम ७ ते २१ ग्रॅमचा असतो, दुसरीचा १० ते ३०चा. अक्षरं कंपनीगणिक बदलतात, ग्रॅम बदलत नाहीत. दुकानात गेल्यावर हँडलच्या वर छापलेली ती बारीक ओळ आधी वाचा. जिथे ती ओळच नाही तो रॉड परत ठेवा.

लांबी सात फूट का? बांधावर तुमच्या पाठीमागे कांदळ किंवा माडाची झावळी असते आणि हात मोकळा मागे नेता येत नाही. साडेसात-आठ फुटी रॉड मोकळ्या किनाऱ्यावर, मिरामार किंवा मोरजीसारख्या वाळूवर, जास्त उपयोगाचा. साडेसहा फुटी होडीतून छान. सात फूट बांध, जेटी आणि होडी तिन्ही ठिकाणी चालतो. दोन तुकड्यांत मोडला की प्रत्येक भाग साडेतीन फुटांचा होतो. पीव्हीसी पाइपात घालून स्कूटरला बांधता येतो आणि फेरीबोटीत लोकांच्या डोळ्यांत जात नाही. पाइप खरंच घ्या. ग्राफाइटचा रॉड वाकून क्वचित तुटतो. तो तुटतो आधी बसलेल्या ठोक्याने. चिऱ्याच्या कडेवर आपटला, फेरीच्या लोखंडी कठड्याला लागला की आत बारीक तडा जातो. तेव्हा काही दिसत नाही. पुढे केव्हातरी मासा लागलेला असताना नेमका तिथेच तो दुभंगतो आणि माणूस कंपनीला दोष देतो. याच कारणाने पहिल्या रॉडसाठी फार महागड्या, फार कडक ग्राफाइटच्या मागे लागू नका. २४ टन ग्राफाइट किंवा थोडं फायबरग्लास मिसळलेला रॉड जरा जड असतो, पण मार सोसतो.

ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. फास्ट रॉडचा वरचा तिसरा हिस्सा वाकतो, मॉडरेट अर्ध्यापर्यंत वाकतो. तुमच्यासाठी फास्ट किंवा मॉडरेट-फास्ट, दोन्ही चालतील. चोणक पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा अगदी काठीसारखा ताठ रॉड मिनोच्या तिहेरी गऱ्या त्याच्या तोंडातून सोडवून देतो; म्हणून एक्स्ट्रा-फास्ट मात्र नको.

टेलिस्कोपिकबद्दल दुकानदाराशी वाद घालू नका, पण घेऊही नका. त्यात प्रत्येक गाइड (लाइन ओवायची कडी) एकेका नळीच्या तोंडावर बसवलेला असतो, त्यामुळे गाइड कमी आणि दूर-दूर पडतात आणि वाक गुळगुळीत येत नाही. सांध्यांत वाळू आणि मीठ शिरतं. पावसाळा उलटला की एखादी नळी आत अडकून बसते. आणि दहा फुटी रॉड हातात धरून दोन तास लूर टाकत राहिलात तर दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नाही. शिसं लावून, आमिष टाकून, रॉड जेटीवर टेकवून वाट बघायची असेल तर तो ठीक आहे.

दुकानात रॉड जोडून बघा आणि एक डोळा मिटून हँडलकडून टोकाकडे नजर लावा: सगळे गाइड एका रेषेत दिसले पाहिजेत. मग कापसाचा छोटा बोळा प्रत्येक गाइडच्या आतल्या कडीतून फिरवा. कुठे एक तंतू जरी अडकला तरी तिथे कडीला चीर आहे, आणि ब्रेडेड लाइन त्या चिरेवर दोन दिवसांत झिजेल. सांधा बसताना शेवटी किंचित फट राहिली पाहिजे. दोन्ही तुकडे एकमेकांना पूर्ण टेकत असतील तर तो सांधा झिजल्यावर ढिला होणार. रील लावूनच तोल बघा. रीलच्या थोडं पुढे एका बोटावर रॉड आडवा राहिला तर मनगट दुखणार नाही. छताला टोक टेकवून रॉड वाकवून दाखवणारे दुकानदार असतात. तो रॉड तुम्ही विकत घेणार असाल तर तसं करू देऊ नका.

रीलच्या बाबतीत २५०० आणि ४००० यांत ताकदीपेक्षा फरक आहे तो स्पूलच्या (लाइन गुंडाळायच्या रिळाच्या) रुंदीचा आणि अंगाचा. ४०००च्या रुंद स्पूलवरून २० पौंडाची लाइन मोठ्या वेढ्यांत सुटते आणि आतला ड्रॅगही मोठा असतो. वजन थोडं जास्त, तेवढं चालेल. आकडे मात्र सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. शिमानोचं ‘सी ३०००’ म्हणजे २५००च्याच अंगावर ३०००चा स्पूल. दायवाच्या एलटी मालिकेतले आकडे जुन्या दायवाच्या मानाने लहान अंगाचे. पेनचं तेवढ्याच आकड्याचं रील हाताला भारी लागतं. म्हणून आकडा वाचून झाला की रील हातात घ्या. गिअर (हँडलच्या एका फेऱ्यात लाइनचे किती वेढे पडतात तो आकडा) ५ किंवा ६च्या आसपास असला की झालं. त्यावर वेळ घालवू नका.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात त्या दोन गोष्टी, बॉल बेअरिंगची संख्या आणि जास्तीत जास्त ड्रॅग, या दोन्हींकडे पाठ करा. स्वस्त रीलमध्ये तेरा बेअरिंग घालतात म्हणजे खाऱ्या हवेत गंजायला तेरा जागा देतात. चार-पाच बऱ्या बेअरिंगचं रील जास्त टिकतं. आणि ‘१२ किलो ड्रॅग’ तुम्हाला कधीच लागणार नाही. २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो. ड्रॅग त्याच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे सव्वादोन किलोंच्या आसपास लावायचा असतो. तेवढ्यावर तो किती गुळगुळीत सुटतो ते महत्त्वाचं.

हे तपासायला मशीन लागत नाही. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या. लाइन गाइडमधून ओवू नका; थेट रीलवरून खाली सोडून बाटलीच्या गळ्याला बांधा आणि रॉडचं हँडल धरून बाटली उचला. ड्रॅगची गुंडी हळूहळू सैल करत आणा. एक क्षण असा येतो की बाटली सुटायला लागते. ती कशी सुटते ते नीट बघा. चांगल्या रीलमध्ये ती सरळ, एका वेगाने खाली उतरते. वाईट रीलमध्ये ती आधी अडते, मग एकदम चार बोटं घसरते, पुन्हा अडते. त्या प्रत्येक अडण्याला माशाच्या ओढीने लाइनवर झटका बसतो, आणि बहुतेक लाइनी अशाच तुटतात. दुकानदार बाटलीला तयार नसेल तर हाताने लाइन ओढून बघा. बोटांना ते अडखळणं कळतं. त्यानंतर बेल (स्पूलवरची तारेची कमान) उघडून मिटा, खटका स्वच्छ वाजला पाहिजे. रीलचं हँडल मागे फिरवायचा प्रयत्न करा. रोटर (स्पूलभोवती फिरून लाइन गुंडाळणारा भाग) जागच्या जागी थांबला पाहिजे, बोटभर मागे जाता कामा नये. शेवटी लाइन रोलर, म्हणजे बेलच्या कोपऱ्यातली ती बारीक चकती, नखाने फिरवून बघा. ती फिरत नसेल तर ब्रेडेड लाइन तिच्यावर खाच पाडते. बाकी सगळ्याच्या आधी मीठ याच चकतीत जाऊन बसतं.

नावं विचारलीत म्हणून सांगतो: या किमतीत शिमानोची एफएक्स आणि सिएना, दायवाची सुरुवातीची रीलं, ओकुमाची साधी रीलं यांपैकी जे ४००० मध्ये मिळेल आणि वरच्या परीक्षेत उतरेल ते घ्या. पेनचं बॅटल धातूच्या अंगाचं आणि दणकट आहे, पण ते घेतलंत तर लाइनला पैसे उरणार नाहीत. आणि लाइनला पैसे उरलेच पाहिजेत. आठ हजारांतले निम्म्याहून थोडे जास्त रॉड आणि रीलला, दीड-दोन हजार लाइनला, आणि उरलेल्यात तीन-चार लूर, लांब नाकाचा पक्कड आणि डोक्यावरचा टॉर्च, अशी वाटणी मी करीन. महागडा रॉड आणि स्वस्त लाइन ही जोडी मी बांधावर खूपदा बघतो. मासा तोडून जातो ती लाइन.

साधा तंगूस रीलवर भरू नका असं माझं मत आहे. तो ताणला जातो. तीस मीटरवर चोणकाने लूर चोखून थुंकला तरी हाताला कळत नाही, आणि गरी मारताना अर्धा जोर ताणण्यात जातो. ब्रेडेड लाइन ताणत नाही आणि तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असते. पण ती थेट लूरला बांधायची नाही. चोणकाला मोठे दात नाहीत, तरी त्याचे जबडे कानशीसारखे खरखरीत असतात आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते; पुढे कालवं आहेतच. म्हणून वावभर लीडर, ३० ते ४० पौंडाचा. फ्लुरोकार्बनच हवा असं नाही. मांडवीच्या गढूळ पाण्यात जाड साधा तंगूस चालतो आणि तो कुठल्याही मासेमारीच्या दुकानात सुटा मिळतो. जोडायला डबल युनी गाठ शिका. घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करा.

लाइन भरताना घाई करू नका. स्पूलवर आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर सगळी ब्रेडेड लाइन एकजात फिरत राहते आणि ड्रॅग बिघडल्यासारखा वाटतो. मग दीडशे मीटर ब्रेडेड, ओल्या फडक्यातून दाबून, ताणात. स्पूलच्या कडेच्या खाली दीड-दोन मिलिमीटर रिकामं राहू द्या. काठोकाठ भरलात तर पहिल्याच फेकीला वेढ्यांचा पुंजका बाहेर येतो. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. लूर पाण्यात पडला की हँडल फिरवून बेल मिटू नका. हाताने मिटा, दोन बोटांनी लाइन ताणून घ्या, मगच फिरवायला लागा. ब्रेडेड लाइनच्या आंट्या वाऱ्याने पडतात असं लोक म्हणतात. मी बघतो त्या बहुतेक स्पूलवर सैल गुंडाळल्या गेलेल्या एका वेढ्याने पडतात.

घरी आलात की मीठ काढा, त्याच रात्री. ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि नळाखाली हलक्या धारेत रील आणि गाइड धुवा. रील बादलीत बुडवू नका आणि गाडी धुवायचा पाइप लावू नका. त्याने मीठ उलट आत रेटलं जातं. पुसा, ड्रॅग पूर्ण सैल करा, सावलीत वाळवा. महिन्यातून एकदा लाइन रोलर आणि हँडलच्या गुंडीला तेलाचा एकेक थेंब. जून ते सप्टेंबर रॉड पिशवीत बंद ठेवलात तर कॉर्कच्या मुठीला बुरशी येते. उघडा, उभा टांगून ठेवा.

जागेबद्दल दोन गोष्टी. मानशीतून सुकतीचं (ओहोटीचं) पाणी जोरात बाहेर पडतं तेव्हा त्याबरोबर सुंगटं आणि बारीक मासळी बाहेर येते, आणि चोणक नेमका तिथेच तोंड करून थांबतो. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पाणी उतरायला लागल्यानंतरचे पहिले दोन तास धरा. मांडवीत वर जाल तशी ती वेळ थोडी उशिरा येते. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) पाण्यापेक्षा उधाणाच्या आसपासचे दिवस बरे. पण मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) झालेली असते. ज्याने ती घेतली आहे त्याला विचारल्याशिवाय तिथे लूर टाकू नका. विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, आणि कुठल्या भरतीला मासा आला होता तेही सांगतात. चोडणला पक्षी अभयारण्याची बाजू सोडून द्या. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्याच्या कडेला उतरायचं नाही आणि अंधारात तर अजिबात नाही. चोणक आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे अंडी घालणारे सगळे मोठेच असतात. अगदी लहान सोडा आणि फार मोठा लागला तर तोही सोडा. मधला जेवणासाठी पुष्कळ होतो.

राहिला मित्राचा बेटकास्टर. आता घेऊ नका. त्याच्यात स्पूल स्वतः फिरतो आणि लूर पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठ्याने तो थांबवावा लागतो. अंगठा चुकला की सगळी लाइन आतल्या आत घोटाळते. १५ ग्रॅमपेक्षा हलका लूर, समोरून येणारा खारा वारा आणि रात्रीची वेळ, या तिन्हींत नवशिक्याला तो त्रास देतो. शिवाय त्याला गरीसारखी खुंटी असलेला वेगळा रॉड लागतो, तुमच्या स्पिनिंग रॉडवर तो बसणार नाही. खांबांच्या मधे नेमका लूर टाकायला आणि मोठा मासा जागेवर रोखायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हेही खरं. म्हणून एक पावसाळा स्पिनिंगवर काढा, आणि तोवर मित्राने तो विकला नसेल तर बाटलीची परीक्षा घेऊन मग पैसे द्या.